घाटावर जायचं, पण कोणत्या महिन्यात?

आजचा विषय आहे पंढरपूरच्या प्रवासाचा. बहुतेक गटांत एकदा तरी हा विषय निघतोच. हप्ते फिटले, थोडी शिल्लक पडली की कुणीतरी म्हणतं, "बायांनो, एकदा सगळ्या मिळून पंढरपूरला जाऊ या." मग गाडी कुठली, पैसे किती, स्वयंपाक कोण करणार, यावर तासभर बोलणं होतं. महिना कोणता, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही. आज आपण तेवढंच बोलू. वही-पेन जवळ असेल तर घेऊन बसा.

आधी दोन गावांच्या पावसाचा हिशेब समजून घेऊ. आपल्या महाड-पोलादपूर भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हा सगळा पाऊस वाहून न जाता अंगणात साठला असता, तर एका बाईच्या डोक्यावर दुसरी बाई उभी राहिली तरी पाणी तिच्या गळ्यापर्यंत आलं असतं. पंढरपूरला वर्षाला पडतो पाच-सहाशे मिलिमीटर. तिथलं साठलेलं पाणी जेमतेम गुडघ्याच्या वर. आणि ही दोन गावं एकमेकांपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास.

एवढा फरक का? तर मधे सह्याद्री उभा आहे. समुद्रावरून येणारं ओलं वारं डोंगराला अडतं, वर चढतं, थंड होतं आणि आपल्या बाजूला रितं होतं. महाबळेश्वरला तर साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पाचगणी वीस किलोमीटरसुद्धा नाही, पण पाऊस निम्म्याहून कमी. वाईला उतरलात की आणखी कमी. फलटण, माळशिरस, पंढरपूर हा सगळा डोंगराच्या पाठीमागचा कोरडा मुलूख. म्हणजे आपण एका दिवसात ओल्या देशातून कोरड्या देशात जातो. अंगावरचे कपडे तेच, पण हवा वेगळी.

आता वर्षाचे महिने एकेक करून बघू.

आषाढी एकादशी येते जूनच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत कधीही. तिथी इंग्रजी तारखेला बांधलेली नसते, म्हणून दरवर्षी कॅलेंडर बघायचं. पण कुठल्याही तारखेला आली तरी आपल्याकडे तेव्हा लावणी असते. रोपं हाताएवढी झालेली, चिखल तयार, मजूर मिळत नाही. अशा वेळी घरची बाई चार दिवस बाहेर म्हणजे वर्षाच्या भातावर पाणी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्या भागाच्या काही तारखा मी वाचते, शांतपणे ऐका. २५ आणि २६ जुलै २००५ : दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन, इथल्या दरडी. २ ऑगस्ट २०१६ : महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल रात्री पडला आणि एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. २८ जुलै २०१८ : आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, ३० जण गेले. २२ जुलै २०२१ : तळीये, ऐंशीहून अधिक माणसं. वर्षं वेगवेगळी आहेत, पण तारखा बघा. सगळ्या २२ जुलै ते २ ऑगस्ट या बारा दिवसांतल्या.

प्रत्येक घटनेचं कारण वेगळं होतं. पण हे दिवस सांभाळायचे का, हे समजण्यासारखं आहे. जूनचा पाऊस माती पिऊन घेते. जुलैच्या मध्यापर्यंत डोंगर भिजून जड होतो, नद्या भरलेल्या असतात. मग एका रात्रीत दोनशे-तीनशे मिलिमीटर कोसळला की मातीला तो पेलवत नाही. म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे : जुलैचा दुसरा पंधरवडा आणि ऑगस्टचा पहिला आठवडा गटाची सहल घाटातून न्यायची नाही. वरंधा घाट पावसाळ्यात बहुतेक वर्षी प्रशासन वाहतुकीला बंदच करतं. आंबेनळीतही दरड आली की रस्ता थांबतो. ताम्हिणीलाही पावसात भरवसा नाही.

काही जणींना आषाढीच करायची असते. नवस असतो, सासूची वारी असते. त्यांना मी अडवणार नाही. त्यांनी रेल्वेचा विचार करावा. वीरहून दिवा, तिथून कल्याण, कल्याणहून सोलापूरच्या वाटेवरचं कुर्डुवाडी जंक्शन, आणि कुर्डुवाडीहून पंढरपूर. वेळ जास्त लागतो, पण आंबेनळी टळते. एक लक्षात ठेवा. रोहा ते वीर दुहेरी मार्ग आहे, वीरच्या पुढे रत्नागिरीकडे एकेरी. कोकण रेल्वेचं पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं आणि गाड्या हळू चालवतात. त्यामुळे खालून येणारी गाडी वीरला उशिरा पोचू शकते. पुढची गाडी आणि ही गाडी यांच्यात चार-पाच तासांचं अंतर ठेवा. निघण्याआधी १३९ नंबरवर गाडीची चौकशी करा.

आता एक गंमत आणि तीच सावधगिरीची गोष्ट. पावसाळ्यात बातम्यांत ऐकू येतं, "वीर धरणातून पाणी सोडलं." आपल्याकडच्या बाया घाबरतात, आपल्या वीरला धरण कुठून आलं? ते वीर पुरंदर तालुक्यातलं, नीरा नदीवरचं. पण पंढरपूरला जाणाऱ्या बाईनं ती बातमी कान देऊन ऐकायची. वरंधा घाटाच्या माथ्यावर पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. अलीकडचा आपल्या सावित्रीकडे येतो. पलीकडचा नीरा देवघर धरणात, तिथून खाली वीर धरणात, आणि पुढे नीरा-नरसिंहपूरला भीमेत. उजनीतून सोडलेलं पाणीही भीमेतच. भीमा म्हणजेच आपली चंद्रभागा. म्हणून पंढरपुरात कडक ऊन असलं तरी चंद्रभागेला पूर येऊ शकतो. वाळवंट पाण्याखाली जातं. वर आभाळ कोरडं आहे म्हणून कुणी आंघोळीला पात्रात उतरू नये. विसर्गाची बातमी असेल तर काठावरूनच हात जोडा.

श्रावण-भाद्रपदात गौरी-गणपती. मुंबईची माणसं घरी येतात, गाड्या तुडुंब. तेव्हा आपण घरीच बऱ्या.

मग येते कार्तिकी, ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत. पाऊस सरलेला, घाट मोकळे, डोंगर हिरवे, उन्हाचा ताप सोसवणारा. प्रवासाला दिवस उत्तम. अडचण एकच, भात. हळवं भात लवकर कापून होतं. गरवं असेल तर कापणी आणि झोडणी नेमकी त्याच दिवसांत येते. म्हणून गटाने आधी प्रत्येकीला विचारायचं, तुझं भात हळवं की गरवं? निम्म्या जणींचं शेतात असेल तर कार्तिकी सोडा.

आणि सोडली तर काही बिघडत नाही, कारण पुढे माघी आहे. माघी एकादशी जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येते. भात घरात, वाल-पावटा शेतात, विहिरीला पाणी, हातात चार पैसे. आषाढीएवढी गर्दी नाही. आपल्या भागातल्या शेतकरी बाईसाठी वर्षातला हाच सगळ्यात सोयीचा काळ, असं माझं मत आहे.

फक्त थंडीचा अंदाज चुकू देऊ नका. आपल्याकडे हवेत ओल असते, त्यामुळे रात्र फार गार होत नाही. कोरड्या हवेत दिवसा तापतं आणि रात्री भराभर निवतं. थंडीची लाट असेल तर पहाटे दहा-बारा अंशांपर्यंतही उतरतं. दर्शनाच्या रांगेत पहाटे उभं राहायचं तर स्वेटर, कानाला बांधायला रुमाल आणि एक जाड चादर हवीच. ओठ आणि टाचा फुटतात, खोबरेल तेलाची छोटी बाटली ठेवा.

चैत्रात मात्र सांभाळून. मार्चच्या मध्यापासून तिकडचा पारा चढतो, एप्रिल-मे महिन्यांत चाळीसच्या पुढे जातो. आपल्याला वाटतं, आम्हाला उन्हाची सवय आहे. पण आपलं ऊन दमट. घाम अंगावर दिसतो, तहान कळते. कोरड्या उन्हात घाम येताक्षणी वाळून जातो. अंग कोरडं दिसतं आणि आतलं पाणी संपत जातं. त्यात आपण बायका प्रवासात पाणी पीत नाही. का पीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. वाटेत संडास मिळेल की नाही याची धास्ती! त्यापायी जळजळ होते, चक्कर येते, सहलीचा दवाखाना होतो. म्हणून गाडी ठरवतानाच ड्रायव्हरला सांगायचं, दर दोन तासांनी थांबायचं, एसटी स्टँड किंवा पेट्रोल पंप बघून. हे सांगायला लाजायचं नाही. हे काम गटाच्या अध्यक्षाने करावं, म्हणजे एकटीवर येत नाही.

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. हे पाणी प्रत्येकीच्या पिशवीत हवं. अकरा ते चार सावलीत राहा. कुणी असंबद्ध बोलू लागली, अंग चटका लागण्याइतकं तापलं, तर सावलीत निजवा, अंग ओल्या फडक्याने पुसा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आणि चैत्रातली आपली घरची अडचण वेगळीच. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये आपल्या कितीतरी वाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. काळा कातळ पाणी धरत नाही, उतारावरून ते थेट खाडीला जातं. अशा दिवसांत बाई गावाला गेली तर हंडा कोण भरणार? सासूबाई की शाळेतली पोर? तेव्हा सहल ठरवताना घरच्या पुरुषमाणसांसमोर हा प्रश्न उघड मांडा. पाणी, गुरं, म्हाताऱ्या माणसांची औषधं, ही तीन कामं कुणाकडे, ते नावानिशी ठरलं तरच निघा. नाहीतर बाई पंढरपुरात आणि जीव विहिरीवर, असं होतं.

आता निघण्याच्या आठवड्याची तयारी. हवामान खात्याचे चार रंग असतात. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे लगेच कृती करा. चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पडला तर त्याला ते अत्यंत मुसळधार म्हणतात. आपला अंदाज बघताना फक्त पंढरपूरचा बघू नका. रायगड, सातारा, पुणे आणि सोलापूर, चारही जिल्हे बघा, कारण वाट तिथून जाते. घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिलेला असतो, तो जरूर वाचा. घाटाच्या रस्त्यावर नारंगी किंवा लाल असेल तर निघणं पुढे ढकला. मुलीच्या मोबाइलमध्ये 'मौसम' हे हवामानाचं आणि 'दामिनी' हे विजेचं ॲप घालून घ्या. मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी तिकडे गडगडाट होतो, तेव्हा झाडाखाली थांबू नका.

घाट नेहमी उजेडी ओलांडा. पहाटे निघा, येताना दुपारी चारच्या आत महाबळेश्वर सोडा. उशीर झाला तर वाईला मुक्काम करा.

त्या मुक्कामासाठी पैसे लागतात. म्हणून वर्गणी काढताना एक वेगळी रक्कम बाजूला काढा. वहीत तिला नाव द्या, "अडकल्याचे पैसे". प्रत्येकीमागे एका रात्रीच्या राहण्या-जेवणाचे. पुष्कळदा माणसं वाईट हवेतही घाट उतरतात, कारण खिशात दुसऱ्या दिवसाचे पैसे नसतात. ते पैसे असले की थांबायची हिंमत येते. नाही लागले तर परत आल्यावर वाटून घ्या.

एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. पूर्ण गाडी हवी असेल तर महाडच्या आगारात दर आणि सवलत दोन्ही नीट विचारून घ्या.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. एका कागदावर बारा महिने लिहा. प्रत्येकीने आपली लावणी, कापणी, पोरांची परीक्षा, पाण्याची टंचाई त्यावर मांडावी. जो महिना सगळ्यांचा मोकळा राहील तो तुमचा. विठोबा अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे, दोन महिने आणखी थांबेल. तुम्ही सगळ्या जणी सुखरूप जा आणि सुखरूप या.