करंजीचा लंगर आणि आपले नामदेव

मी आर्वीहून बोलतोय.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवड्याला एक तरी सरदारजीचा जोक येतोच. इकडच्या पोरांना शीख म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, ट्रक आणि धाबा. म्हणून आज आपल्याच रस्त्यावरची एक गोष्ट सांगतो.

वर्धा, हिंगणघाट करत नागपूर-हैदराबाद हायवेनं खाली गेलं की पांढरकवड्याजवळ करंजी लागतं. जिल्हा यवतमाळ. तिथं रस्त्याला लागूनच गुरुद्वाऱ्याचा लंगर आहे. 2020 चा लॉकडाऊन आठवा. धाबे बंद, हॉटेलं बंद, आणि त्याच हायवेवरून डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू घेऊन माणसं पायी गावाकडं निघाली होती. हा लंगर मात्र चालू राहिला. तो चालवणारे करनैलसिंग खैरा तेव्हा ऐंशीच्या पुढचे होते. बातम्यांत आकडा आला होता, दहा आठवड्यांत सुमारे वीस लाख लोक जेवले. आकडा सोडा एकवेळ. पण तिथं कोणी आधार कार्ड मागितलं नाही, जात विचारली नाही. पायी चाललेला मजूर आणि ट्रकवाला, दोघांनाही तेच जेवण. रस्त्यावरच्या कुत्र्यांना, गुरांनासुद्धा खायला घालत होते म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, छान आहे, पण हे पंजाबी लोक, आपला काय संबंध? तर ऐका.

शिखांचा आदिग्रंथ गुरू अर्जनदेवांनी 1604 मध्ये तयार करून घेतला. त्यात गुरूंच्या वाणीसोबत संतांची पदंही घेतली. कबीर आहेत, रविदास आहेत, आणि आपले नामदेव! शिंप्याच्या घरचे, विठ्ठलाचे नामदेव. त्यांची 61 पदं आहेत त्यात. म्हणजे अमृतसरला जो माणूस ग्रंथापुढं माथा टेकतो, तो नामदेवांच्या शब्दांपुढंही टेकतो. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचं गाव आहे. नामदेव तिथं बरीच वर्षं राहिले असं मानतात, त्यांचं मोठं स्थान आहे तिथं. 2015 मध्ये 88 वं मराठी साहित्य संमेलन तिथंच भरलं, अध्यक्ष होते सदानंद मोरे. (शाळेत हे का शिकवत नाहीत, मला खरंच कळत नाही.)

आणि उलटा रस्ताही आहेच. दहावे गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये नांदेडला आले. गोदावरीकाठी त्यांनी, आपल्यानंतर ग्रंथच गुरू, असं सांगितलं आणि तिथंच देह ठेवला. म्हणून हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. नांदेडमध्ये पिढ्यान् पिढ्या राहणारे दखनी शीख आहेत, भाजीवाल्याशी आपल्यासारखंच मराठी बोलणारे. त्यांना कोणी विचारलं, “तुम्ही मूळचे कुठले?” तर ते काय सांगणार बाप्पा? नांदेडचेच!

मग पुढच्या वेळी ग्रुपवर तो जोक आला, की खाली ही लिंक टाका. भांडू नका, नुसती टाका.

आणि त्या हायवेनं कधी जाणं झालं तर करंजीला थांबा. रुमालानं डोकं झाका, चपला बाहेर काढा, हात धुवा, पंगतीत खाली बसा. पोळी वाढायला आले की दोन्ही हात पुढं करायचे. लागेल तेवढंच घ्या, ताटात टाकू नका. आणि जमलं तर दहा मिनिटं भांडी घासून मग निघा.