संकटापूर्वीची तयारी : पेढी, संस्था आणि समाज
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही संस्थेच्या आयुष्यात पन्नास वर्षांचा काळ गौरवाचा असतो. या अवधीत दुष्काळ येतात, भूकंप होतात, साथी येतात, बाजारात मंदी येते आणि संस्था उभारणारी एक पिढी काळाच्या पडद्याआड जाते. या सर्वांतून जी संस्था तरून जाते, ती काही अंशी दैवाच्या आणि बऱ्याच अंशी दूरदृष्टीच्या बळावर. मंगल प्रसंगी संकटाचा विषय कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु पुढील पन्नास वर्षांचा विचार करावयाचा, तर याच विषयापासून प्रारंभ करणे उचित ठरते.

संकटग्रस्तांना मदत करणे आणि संकटातही स्वतःचे काम अखंड चालू ठेवणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीत महाराष्ट्रातील समाज कधी मागे राहिलेला नाही. १९७२ च्या दुष्काळात अन्नछत्रे चालली, पुढील दुष्काळांत चारा छावण्या उभ्या राहिल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेऊन त्यांना पुण्यास आणले. दुसऱ्या गोष्टीचा विचार मात्र फार थोड्या पेढ्या व संस्था करतात. या शास्त्रास ‘व्यवसाय सातत्य नियोजन’ म्हणतात. २०१२ साली त्याचे आंतरराष्ट्रीय मानकही सिद्ध झाले. नाव नवे असले तरी विचार जुना आहे. आगीनंतर विहीर खणू नये, एवढाच त्याचा सारांश.

या विचाराचे उत्तम उदाहरण नगर तालुक्यातच आहे. हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील गाव. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने पाणलोटाची कामे हाती घेतली, हे सर्वश्रुत आहे. त्याहून अधिक मोलाची गोष्ट म्हणजे तेथील पाण्याचा ताळेबंद. पावसाचे माप घेऊन उपलब्ध पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो. माणसे व जनावरे यांच्या पिण्याचे पाणी प्रथम राखले जाते आणि उरलेल्या पाण्यावर पिकांचे नियोजन होते. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास आणि ऊस-केळीसारख्या पिकांस गावाने स्वतःहून मनाई केली. पाऊस कमी पडला तर काय वगळावयाचे, याचा निर्णय टंचाई येण्यापूर्वी, शांत चित्ताने, सर्वांसमक्ष होतो. कशाला प्रथम क्रम द्यावयाचा आणि कशाचा त्याग करावयाचा, हे आधी ठरविणे हाच सातत्य नियोजनाचा पाया होय. संकट दारात आल्यावर असा निर्णय घेतला, तर त्यातून कलह तेवढा उत्पन्न होतो.

याच जिल्ह्याने दुसरी, अत्यंत वेदनादायी बाजूही पाहिली आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोरोना अतिदक्षता विभागास आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. दिवाळीचे दिवस होते. त्याच वर्षी ९ जानेवारीस भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या आगीत १० नवजात बालके दगावली होती आणि त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले होते. म्हणजे धोका ठाऊक नव्हता, असे म्हणता येत नाही. धोक्याचे ज्ञान होणे आणि त्यावरचा उपाय प्रत्यक्षात येणे, यांमध्ये जे अंतर राहते, त्याची किंमत निरपराध जीवांना मोजावी लागते. वसतिगृह, धर्मशाळा, दवाखाना किंवा मंगल कार्यालय चालविणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताने ही गोष्ट हृदयात कोरून ठेवावी.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीचा मालक वा भोगवटादार यास दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत, अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. हे प्रमाणपत्र केवळ फाइलची शोभा ठरू नये. भिंतीवरचे लाल नळकांडे कोणाला चालविता येते, मागील दाराची किल्ली रात्री कोणाजवळ असते आणि जिन्याखाली खोक्यांचा ढीग आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रमाणपत्राइतकीच महत्त्वाची आहेत. कापड बाजार, दाळ मंडई, आडते बाजार यांसारख्या जुन्या पेठांत गल्ल्या अरुंद, दुकाने खेटून आणि माळे मालाने भरलेले असतात. तेथे एका दुकानातील सदोष वायरिंग हा संपूर्ण रांगेचा प्रश्न असतो. अशा ठिकाणी एकट्याची सावधगिरी अपुरी पडते. व्यापारी संघटनेने एकत्रितपणेच ती पाळावी लागते.

दुसरा मुद्दा परावलंबनाचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला धरणे फुटली. पूर काही तासांत ओसरला. परंतु खडकवासल्यावर विसंबलेल्या पुणे शहराचा नळाचा पाणीपुरवठा तुटला आणि विस्मृतीत गेलेल्या हौद-विहिरींची नागरिकांना पुन्हा आठवण झाली. नगर शहराचे पाणी मुळा धरणातून विळदमार्गे पंपांनी येते. वीज खंडित झाली की पंप थांबतात आणि शहराचे वेळापत्रक कोलमडते, हा अनुभव नवा नाही. ३१ जुलै २०२४ रोजी सहकारी व ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर सायबर हल्ला झाल्याचे उघड झाले आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे किरकोळ व्यवहार तात्पुरते अडले. ज्या खातेदारांनी त्या कंपनीचे नावही ऐकले नव्हते, त्यांचे पैसे अडकले. आपले काम कोणकोणत्या अदृश्य धाग्यांवर लोंबकळत आहे, याची यादी प्रत्येक संस्थेने एकदा तरी करून पाहावी.

पैशाच्या बाबतीत हे परावलंबन विशेष घातक ठरते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना आरंभी अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने शतकाची परंपरा असलेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. बँक ठेवींवरील विमा एका बँकेतील एका ठेवीदारास पाच लाख रुपयांपर्यंत मिळतो आणि पतसंस्थांतील ठेवींना तो लागूच नाही. संस्थेचा सर्व निधी एकाच ठिकाणी असेल, तर त्या ठिकाणचे दार बंद होताच विद्यार्थ्यांचे भोजन, कर्मचाऱ्यांचे वेतन आणि रुग्णांची औषधे एकाच दिवशी थांबतात. किमान तीन महिन्यांचा खर्च दुसऱ्या सुदृढ बँकेत राखून ठेवणे, हे व्यवहारी शहाणपण होय.

तिसरा मुद्दा माणसांचा. अनेक संस्थांत सर्व माहिती एका वडीलधाऱ्या विश्वस्तांच्या स्मरणात आणि सर्व कागद त्यांच्याच कपाटात असतात. त्यांचा शब्द हाच संस्थेचा नियम असतो. अशी व्यक्ती लाभणे हे संस्थेचे भाग्य. पण तीच व्यक्ती एके दिवशी नसेल, या वस्तुस्थितीकडे पाठ फिरविणे हा मोठा दोष आहे. कोरोनाच्या काळात असे कित्येक आधारवड अल्पावधीत कोसळले. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमधील बदलाचा अहवाल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल करावयाचा असतो. तो वर्षानुवर्षे राहून गेल्यास बँकेतील सह्यांचा प्रश्न उभा राहतो आणि पैसा असूनही संस्था निर्धन होते. प्रत्येक जबाबदारीस एक पर्यायी नाव लेखी असावे आणि त्या व्यक्तीस ते काम वर्षातून काही दिवस प्रत्यक्ष करू द्यावे.

व्यापारी बंधूंसाठी विम्याविषयी थोडे. विमा घेतला म्हणजे निश्चिंत झालो, ही समजूत अपुरी आहे. दुकानात वीस लाखांचा माल आणि विमा दहा लाखांचा असेल, तर चार लाखांच्या नुकसानीपोटी सामान्यतः दोनच लाख हाती येतात. कारण उरलेल्या निम्म्या जोखमीचा विमाकार व्यापारी स्वतःच ठरतो. दिवाळी व लग्नसराईपूर्वी साठा वाढतो, तेव्हा विम्याची रक्कमही वाढविली पाहिजे. तसेच सामान्य आगविम्यात माल भरून निघतो. बंद पडलेल्या काळातील नफा व चालू राहिलेले पगार भरून निघत नाहीत. त्यासाठी वेगळी पॉलिसी असते. शिवाय दावा सिद्ध करण्यासाठी खरेदीची बिले आणि साठ्याची नोंद लागते. माल आणि वह्या एकाच आगीत गेल्या, तर हक्क असूनही पुरावा उरत नाही. म्हणून हिशेबाची एक प्रत नित्य दुसऱ्या वास्तूत असावी.

हे सर्व एका चार पानी वहीत बसू शकते. पहिल्या पानावर, कोणतेही संकट आले तरी कोणते काम थांबता कामा नये आणि इतर कामे किती दिवस थांबू शकतात, हे लिहावे. दुसऱ्या पानावर त्या कामास लागणारी माणसे, जागा, वीज, पाणी, पैसा व कागद आणि प्रत्येकाचा पर्याय लिहावा. तिसऱ्या पानावर निर्णय घेणाऱ्यांचा क्रम द्यावा. चौथ्या पानावर संपर्क असावेत : आपत्कालीन सेवेचा ११२, अग्निशमनाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ यांच्यासह विद्यार्थ्यांचे पालक, वायरमन, पाण्याचा टँकरवाला आणि शेजारच्या संस्थेचे कार्यवाह यांचे क्रमांक. या वहीच्या प्रती किमान तीन घरी असाव्यात.

वही लिहून कपाटात ठेवली, तर ती निरुपयोगी आहे. वर्षातून दोनदा तिची परीक्षा घ्यावी. एखाद्या सायंकाळी वसतिगृहाची वीज मुद्दाम बंद करून सर्व मुले किती मिनिटांत अंगणात येतात, ते घड्याळ लावून पाहावे. एक दिवस व्यवस्थापकांना रजा देऊन त्यांच्यावाचून कार्यालय चालवून पाहावे. जे अडेल, ते त्याच रात्री वहीत नोंदवावे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कचा शेअर बाजार १७ सप्टेंबरला पुन्हा उघडला. ज्या कंपन्यांजवळ पर्यायी जागा आणि नोंदींच्या प्रती तयार होत्या, त्यांना पुन्हा उभे राहणे सोपे गेले. तेथील साधने मोठी होती; परंतु तत्त्व गावच्या वसतिगृहालाही तेच लागू पडते.

सुवर्णमहोत्सवात नवी वास्तू, नवी देणगी, नवा संकल्प यांची घोषणा होते आणि ती व्हावीच. त्यांच्या जोडीला ही चार पानी वही तयार करण्याचा ठराव विश्वस्त मंडळाने याच वर्षी संमत करावा. तिला खर्च जवळजवळ नाही. दूरगावचे आई-वडील ज्या विश्वासाने आपले मूल वसतिगृहाच्या स्वाधीन करतात आणि रात्री निर्धास्त झोपतात, तो विश्वास राखणे हे विश्वस्त या शब्दाचे मूळ कर्तव्य आहे.