न भेटलेल्यांचे सुतक

(शताब्दी वर्षानिमित्त ग्रंथालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



शताब्दीच्या वर्षी वक्त्याने काही मंगल बोलावे, असा संकेत आहे. चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'शोक' असे उत्तर दिले आणि त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. त्यांची मी क्षमा मागतो. परंतु हा विषय मला याच वास्तूने दिलेला आहे. स्मरणिकेच्या कामासाठी सभांच्या इतिवृत्तांच्या जुन्या वह्या चाळण्याचे काम माझ्याकडे आले होते. वर्गणीवाढीचे ठराव, गळक्या छपराचे ठराव, वाळवी लागलेल्या कपाटांचे ठराव, हे सारे त्यांत आहेच. पण सर्वाधिक वेळा आलेला ठराव जर कोणता असेल, तर तो दुखवट्याचा. 'ही सभा तीव्र दुःख व्यक्त करीत आहे' हे वाक्य किती वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिले गेले आहे! आणि ज्यांच्यासाठी ते लिहिले गेले त्यांपैकी बहुतेकांनी या वास्तूच्या पायरीला कधी पाय लावलेला नव्हता. साने गुरुजी, बालगंधर्व, आचार्य अत्रे, पु. ल. देशपांडे. इंदुरातील एका वाचनालयाचे हे कोण लागत होते?

हाच प्रश्न माझ्या काकूंनी माझ्या काकांना एकदा विचारला होता. तो प्रसंग सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

१२ जानेवारी १९९२, रविवार. त्या दिवशी देवासला कुमार गंधर्व गेले. मी तेव्हा मराठी घेऊन एम. ए. करीत होतो आणि काकांकडे राहत होतो. काका एका सरकारी कचेरीत लेखनिक होते. संगीतातले त्यांना काही कळत होते असे मी म्हणणार नाही. पण कुमारांच्या ध्वनिफिती त्यांनी आपल्या पगाराच्या मानाने पुष्कळच जमविल्या होत्या. बातमी ऐकताच त्यांनी डोक्याला टोपी घातली आणि बसस्थानक गाठले. परत आले ते दुसऱ्या दिवशी. दारातूनच त्यांनी काकूंना पाणी काढायला सांगितले आणि मोरीत जाऊन डोक्यावरून अंघोळ केली. थंडी कडाक्याची होती. तेथे काय पाहिले, कोण भेटले, यातले एक अक्षर त्यांनी सांगितले नाही.

काकू म्हणाल्या, "अहो, पण ते आपले कोण लागत होते?" आणि मग, काका काही बोलत नाहीत असे पाहून, "धारला सख्ख्या भावाच्या तेराव्याला जायला तुम्हाला रजा मिळाली नव्हती."

हे दुसरे वाक्य मी आज तीस वर्षांहून अधिक काळ मनात वागवीत आलो आहे. भावाभावांत वाटणीवरून बोलणे बंद झालेले होते आणि रजा हे निमित्त होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. काकांनी त्यावरही उत्तर दिले नाही. केस पुसून ते खुर्चीत बसून राहिले.

माझी स्थिती काय होती? मी रडलो. आणि रडताना मला लाजही वाटली, कारण मी कुमारांना कधी पाहिलेले नव्हते. इंदूर ते देवास अंतर ते किती? ३५-३६ किलोमीटर. काका कितीदा म्हणाले होते, "अरे, चल एकदा, नुसते त्या टेकडीखालचे घर तरी बाहेरून पाहून येऊ." दर वेळी माझी कोणती तरी परीक्षा असे.

न भेटलेल्या माणसाच्या मृत्यूने आपल्याला दुःख का व्हावे, याचा विचार आपल्या परंपरेने केलेला आहे, आणि तो फार आरंभीच केलेला आहे. आदिकवीचीच कथा घ्या. निषादाच्या बाणाने विद्ध झालेला क्रौंच पक्षी वाल्मीकींचा कोणीही नव्हता. वाटेत दिसलेला एक पक्षी, एवढाच त्यांचा संबंध. त्याच्या मादीचा आक्रोश त्यांनी ऐकला आणि शोकाचा श्लोक झाला. स्वतःच्या नातलगाच्या मरणातून पहिले काव्य जन्मले असे आपल्या पूर्वसूरींनी सांगितले नाही. परक्याच्या मरणातून जन्मले असे सांगितले. पुढे भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी साधारणीकरणाचा विचार मांडला तो रंगभूमीच्या संदर्भात. प्रेक्षकाला होणारा शोक हा 'माझा'ही नसतो आणि 'परक्याचा'ही नसतो, म्हणून तो आस्वाद्य होतो, असे त्यांचे म्हणणे. वर्गात हे मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. पण काकांची ती अंघोळ साधारणीकरणात बसत नाही. तिच्यात आस्वाद कोठे होता? ते सुतक होते.

याला जवळचे उदाहरण मला आळंदीत दिसते. ज्ञानेश्वरांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली. नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांत तो प्रसंग आला आहे. नामदेव तर त्यांचे सोबतीच होते. पण आज सातशे वर्षांनंतरही त्या तिथीला आळंदीत जमलेला वारकरी समाधीचे कीर्तन ऐकताना डोळ्यांना उपरणे लावतो, तो कोणत्या ओळखीवर? तेथे कोणी त्याला 'तुमचे कोण लागत होते' असे विचारीत नाही. 'माउली' या एका शब्दाने नात्याचा प्रश्नच मिटवून टाकलेला आहे.

वारकऱ्याला हे नाते कीर्तनाने दिले; आपल्यासारख्या नोकरपेशा माणसाला ते छापील कागदाने दिले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले आणि चौपाटीवर त्यांना अग्नी दिला गेला. त्या दिवशी लोटलेल्या जनसागरात टिळकांशी एक शब्दही न बोललेली माणसेच अधिक असणार. परंतु 'केसरी' घरी येत होता, मोठ्याने वाचला जात होता, आणि १८८१ पासून तो वाचीत आलेल्या घरांत टिळक हे वडीलधाऱ्यांसारखे वावरत होते. नेहरूंच्या निधनानंतर, १९६४ साली, अत्र्यांनी 'मराठा'तून जे मृत्युलेख लिहिले त्यांचे 'सूर्यास्त' हे पुस्तक झाले. मृत्युलेखांचे पुस्तक लोक विकत घेऊन घरी ठेवतात, ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते.

आणि आपल्यासारख्या, महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसांना हे विशेष लागू आहे. आपली बहुतेक मराठी मोठी माणसे आपल्याला भेटली ती या कपाटांतून. पुण्या-मुंबईच्या वाचकाला पु. ल. रस्त्यात दिसण्याचा तरी संभव होता. आपल्याला ते पुस्तकात दिसले. १२ जून २००० रोजी ते पुण्यात गेले, त्या आठवड्यात त्यांचे एकही पुस्तक आपल्या कपाटात उरले नव्हते, हे मी स्वतः पाहिलेले आहे. शोकसभेला चाळीस माणसे होती. पुस्तके नेणारी त्याहून अधिक. ज्यांच्या घरी 'व्यक्ती आणि वल्ली'ची स्वतःची प्रत होती तेही ग्रंथालयाची प्रत मागत होते. दोन प्रती पुढे परत आल्याच नाहीत. तेव्हाच्या ग्रंथपालांनी त्यांचा दंड लावला नाही. त्यांचा हा निर्णय नियमात बसणारा नव्हता, पण तो मला मान्य आहे.

कुमारांची गोष्ट मात्र निराळी होती. ते आपल्या माळव्यात राहत होते, आणि ते जन्माने येथलेही नव्हते. जन्म १९२४ सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा, मातृभाषा कन्नड, गाण्याची तालीम मुंबईत देवधर मास्तरांकडे. क्षयाने ग्रासले तेव्हा १९४८ साली कोरड्या हवेसाठी म्हणून ते देवासला आले. पाचएक वर्षे गाणे बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, आणि पुन्हा गाऊ लागले तेव्हा ती त्यांच्या गाण्यात उतरलेली होती. जे गाणे आपल्या दारावरून रोज जात होते ते एका परगावच्या आजारी माणसाने आपल्याला ऐकविले. काकांना याचे फार अप्रूप होते. स्वतः कुमारांनीही न भेटलेल्यांचे ऋण मानलेले आहे: गांधीजींच्या जन्मशताब्दीला त्यांनी 'गांधीमल्हार' हा राग रचला. ठराव करण्याची ही त्यांची रीत.

ते गेल्याने नेमके काय गेले? आदल्या दिवशीची ध्वनिफीत दुसऱ्या दिवशीही तशीच वाजत होती. एक सूरही कमी झाला नव्हता. पुष्कळ वर्षे विचार करून मला असे वाटते की आपण हरवतो तो शेजार. रोज संध्याकाळी येथून ३६ किलोमीटरवर एका घरात तानपुरा लागत असेल, ही जाणीव आपण न बोलता बाळगीत असतो. भेटण्याचे राहून गेलेले असते, पण भेटता येईल हे शिल्लक असते. १२ जानेवारीला माझी ती शिल्लक संपली. माझ्या रडण्यात कुमारांसाठी किती होते आणि माझ्या आळसासाठी किती, हे मला तेव्हा वेगळे करता आले नाही.

आता काकूंच्या दुसऱ्या वाक्याकडे येतो, कारण ते टाळून जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. न भेटलेल्या माणसाचा शोक सोपा असतो. त्याने आपल्याकडून उसने पैसे घेतलेले नसतात. त्याच्या आजारात रुग्णालयात रात्री जागाव्या लागत नाहीत. वाटणीच्या कागदावर त्याची सही नसते. सख्ख्या भावाच्या मृत्यूचे दुःख करायचे तर आधी कितीतरी गोष्टी गिळाव्या लागतात. कुमारांसाठी डोळ्यांत पाणी आणताना काकांना काहीही गिळावे लागले नाही. काकूंनी बोट ठेवले ते येथे.

आणि हा सोपेपणा अलीकडे फार वाढला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात असताना त्यांच्या निधनाची खोटी बातमी एका रात्रीत सर्वत्र पसरली आणि लोकांनी जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली. ते गेले २६ नोव्हेंबरला. तोवर कित्येकांचा शोक वाहून संपला होता. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला लताबाई गेल्या. १९२९ साली याच इंदुरात जन्मलेल्या. त्यामुळे आपल्या गावाचा अधिकार थोडा अधिक. त्या दिवशी माझ्या भ्रमणध्वनीवर एकच छायाचित्र सतराजणांकडून आले. मी ते मोजले, यातच माझे मन कोठे होते ते आपल्या ध्यानात येईल. आमच्या शेजारच्या वृद्ध बाईंनी मात्र दिवसभर रेडिओ बंद ठेवला होता. सगळीकडे लताबाईच लागलेल्या असताना बंद! मी कारण विचारले तर म्हणाल्या, "आज नको. आज ऐकले की गेल्यासारख्या वाटतील."

बालगंधर्वांची १९११ सालची हकिकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. १२ मार्चला 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग झाला. ते भामिनी होऊन उभे राहिले, गायले. कलावंताच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून ही गोष्ट आपण सांगतो. मला तीत दुसरेही काही दिसते. कलावंत मेल्यावर आपण त्याला रडतो. पण त्याच्या घरचे कोणी गेले त्या रात्री आपण तिकीट काढून समोर बसलेलो असतो. जिव्हाळ्याचा हा व्यवहार तेवढा समतोल नाही. काकूंना हे कळत होते असे मला वाटते, जरी त्यांनी आयुष्यात तीन-चारच नाटके पाहिली असतील.

काका २००७ साली गेले. मी उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामावर भोपाळला होतो; पोहोचलो तेव्हा सर्व आटोपलेले होते. दहावा, तेरावा यथासांग झाला. लोक येत होते, मी त्यांना पाणी देत होतो, आणि माझ्या डोळ्यांना पाण्याचा थेंब आला नाही. ज्यांच्या घरी मी सहा वर्षे जेवलो, ज्यांनी माझी फी भरली, त्यांच्यासाठी नाही. दोन-अडीच महिन्यांनी काकूंनी त्यांच्या ध्वनिफितींचा डबा माझ्या स्वाधीन केला. एका फितीच्या वेष्टनावर काकांच्या सुबक, कचेरीतल्या अक्षरात लिहिलेले होते : 'निर्गुणी भजने. चि. ला ऐकविणे.' ती मी लावली. पुढचे सांगण्याची आवश्यकता नाही. कुमारांचा आवाज चालू होता आणि मी काकांना रडत होतो. की धारला न गेलेल्या काकांनीही त्या कडाक्याच्या थंडीत डोक्यावर पाणी ओतले ते दोघांसाठी होते? हे विचारायला आता कोणी नाही. काकूही गेल्या.

स्मरणिकेच्या कामात संगीताच्या कपाटातील पुस्तकांची यादी करताना कुमारांचे 'अनूपरागविलास' हाती आले. मौज प्रकाशनाचे, १९६५ सालचे. बंदिशी आणि त्यांची स्वरलिपी. शेवटच्या पानाला चिकटविलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर फार थोडे शिक्के आहेत. त्यांत एक १४ जानेवारी १९९२ चा. देवघेवीची त्या वर्षाची वही माळ्यावरून काढून घेतली. त्या तारखेसमोर काकांचा सभासद क्रमांक आहे. पुस्तक त्यांनी मुदत वाढवून घेऊन सुमारे दोन महिने ठेवले होते.

काकांना स्वरलिपी वाचता येत नव्हती.