खेळाडू पोरींचा फोटो आणि खोलीतला उजेड



आपल्या पोरी आता कबड्डी, खो-खो खेळायला तालुक्याला, जिल्ह्याला जातात. त्यांचा फोटो ओळखपत्राला लागतो, शाळेच्या फलकाला लागतो, आणि जिंकून आल्या की चौकातल्या फ्लेक्सला लागतो. आमचा बचत गट हे फोटो मोबाइलवर काढून देतो. स्पर्धा बहुधा पावसाळ्यात, बाहेर चिखल आणि अंधारलेलं आभाळ, म्हणून फोटो खोलीतच काढावे लागतात. खोलीतल्या उजेडाचं काय करायचं, ते आज सांगतो.

आधी वरची ट्यूबलाइट बंद करा. बायांना याचंच नवल वाटतं. पण डोक्यावरून पडणाऱ्या उजेडानं डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठावर येते. शिवाय खिडकीचा उजेड वेगळ्या रंगाचा आणि दिव्याचा वेगळा; दोन्ही मिसळले की अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळसर दिसतो. मोबाइलचा फ्लॅशही नको. तो समोरून आदळतो आणि चेहरा सपाट करतो.

ऊन थेट आत न येणारी खिडकी सगळ्यांत चांगली. मुलीला खिडकीपासून तीनेक फुटांवर उभी करा, उजेड तिच्या एका गालावर समोरून तिरका पडेल अशी. दुसरा गाल काळवंडला तर त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरा. उजेड त्यावर आपटून परत येतो. तक्ता जवळ-लांब करून बघा, फरक लगेच दिसतो.

खिडकी नसेल तर 12 वॅटचा पांढरा एलईडी बल्ब होल्डरला लावा. तो चेहऱ्यापेक्षा थोडा उंच, बाजूला ठेवा आणि मध्ये पांढरी पातळ चादर दोरीवर टाका. उघडा बल्ब छोटा, म्हणून सावली कडक पडते. चादरीतून उजेड आला की सगळी चादरच दिव्यासारखी होते आणि सावली मऊ पडते. उजेड कमी वाटला तर दुसरा बल्ब आणण्याआधी हाच जवळ आणा. उघड्या बल्बाचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. चादर असेल तर इतका नाही, पण पुष्कळ वाढतो. लग्नमांडवातला हॅलोजन मात्र नको. तो फार तापतो, कापड पेट घेईल. वायर पायात येऊ देऊ नका, पोरी कुठं स्वस्थ उभ्या राहतात!

आता रंगाचं बोलू. एका मुलीचा फ्लेक्स लागला होता; छापणाऱ्यानं तिला इतकी गोरी केली होती की तिच्या आजीनं विचारलं, "ही कुणाची पोर?" उन्हात सराव करून रापलेला चेहरा आहे तो, तसाच सुंदर आहे. तो काळाकुट्ट येतो याचं एक कारण मागची पांढरी भिंत. मोबाइल भिंतीचा पांढरेपणा बघून सगळाच फोटो गडद करतो. म्हणून मागे गडद निळी किंवा हिरवी बिनकाठाची साडी ताणून लावा आणि मुलीला तिच्यापासून चार-पाच फूट पुढं घ्या, म्हणजे सावली मागं उमटत नाही. मग पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक मोबाइलमध्ये सूर्याचं चिन्ह येतं, ते जरासं वर सरकवा. चेहरा उजळ करणारं 'ब्यूटी' बंदच ठेवा. ओळखपत्राला पांढरीच भिंत मागतात, तिथंही बोट चेहऱ्यावरच टेकवायचं.

हो, आणि मोबाइलची काच पदराच्या टोकानं पुसून घ्या. निम्मे धुरकट फोटो बोटाच्या तेलानं येतात.

पोरींना ताठ उभं करून "हस" म्हणू नका. चढाईला निघताना जशी वाकतेस तशी वाक, म्हणा. लाजरी पोरसुद्धा एकदम खेळाडू होते. मोबाइल तिच्या छातीच्या उंचीवर धरा. वरून काढला की ती उगाच लहान दिसते. पदक चमकत असेल तर जरा तिरकं धरायला सांगा.

आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकण्याआधी आम्ही मुलीला आणि तिच्या आईला, दोघींना विचारतो. एका आईनं नको म्हटलं. तिला छापील फोटो दिला आणि मोबाइलमधला तिच्यासमोरच काढून टाकला.