जगावर काढलेली रेघ



'संवर्धित वास्तव' हे नाव भारदस्त असले, तरी त्यामागील अनुभव आपल्या घरातला आहे. दिवेलागणीला खिडकीच्या काचेतून पाहावे, तर बाहेरचा रस्ताही दिसतो आणि खोलीतला दिवा त्या रस्त्यावर टांगल्यासारखाही दिसतो. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी हेच साधले. अर्धपारदर्शक आरशांतून पाहणाऱ्याला खोलीही दिसे आणि संगणकाने काढलेली रेघांची आकृतीही. डोक्याची हालचाल मोजणारा दांडा छताला टांगलेला असे.

पुढे १९९२ मध्ये बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी सुचविले की, विमानातील वायरींचे जुडगे बांधणाऱ्या कामगाराला वायरीचा मार्ग नजरेसमोर, फळीवरच दिसावा.

खरी अडचण चित्र काढण्याची नाही, ते जागेवर बसविण्याची आहे. मान वळताच गणिताने नवी जागा काढली पाहिजे. किंचित उशीर झाला की रेघ सरकते. फळीवर चुकलेली वायर पुन्हा ओढता येते. परंतु शल्यवैद्याने रुग्णाच्या देहावर सरकलेली रेघ पाहून सुरी चालविली तर? संशोधकांची सारी झुंज या मिलिमीटरांशी आहे.

आम्ही या विद्येचे स्वागतच करतो. मात्र रेघ कितीही रेखीव दिसली, तरी ती योग्य जागी आहे ना, हे पडताळून पाहण्याची जबाबदारी आपण यंत्रावर टाकू नये, एवढीच आमची विनंती आहे.