मोटारसायकलच्या इंजिनाचे आवाज

आपल्या धाराशिव जिल्ह्यात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. भूमकडे खव्याच्या भट्टीवर दूध जाते ते तिच्यावर, कळंबच्या बाजाराला माणूस जातो तो तिच्यावर, आणि वस्तीवरच्या शाळेचे गुरुजी शाळा गाठतात तेही तिच्यावरच. अशी ही गाडी एके दिवशी निराळाच आवाज करू लागते. मग मालक एक तर कानाडोळा करतो, नाही तर घाबरून "इंजिन खोला" म्हणतो. दोन्हींत नुकसान आहे. म्हणून पाना हाती घेण्याआधी आवाजाला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न असा, की आवाज इंजिनाचाच आहे ना? दुधाचे कॅन, नंबरप्लेट, मडगार्ड, सायलेन्सरचा सैल बोल्ट हेही खडखडतात. गाडी उभी करा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि हळूहळू रेस वाढवा. उभ्या गाडीत आवाज नाही, पण चालताना चाकाच्या वेगाबरोबर येतो, तर आधी चेन व चाकाचे बेअरिंग पहा.

दुसरा प्रश्न: थंड असताना येतो की गरम झाल्यावरही? सकाळी टकटक होते आणि थोड्या वेळाने जिरते, तेव्हा बहुधा पिस्टन सिलिंडरमध्ये सैल असतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तापला की फुगतो व फट भरून काढतो. लगेच धोका नाही, पण झीज सुरू झाली हे समजावे. उलट, गरम झाल्यावर वाढणारा आवाज अधिक काळजीचा, कारण तापलेले ऑइल पातळ होते.

तिसरा प्रश्न: क्लच दाबल्यावर बदलतो का? बदलत असेल, तर मिस्त्रीला आधी क्लच व गिअरबॉक्स पाहायला सांगा.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ओझ्याने वाढतो का? मागे सोयाबीनचे पोते आहे, तुळजापूरचा घाट लागला आहे, आणि डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक आवाज येतो. तर पेट्रोल अवेळी पेट घेते आहे. गिअर खाली घ्या. भेसळीचे पेट्रोल आणि आत साचलेली काजळी ही त्याची नेहमीची कारणे. पण आवाज बारीक नसून खोल, हातोडा मारल्यासारखा धप् धप् असेल, तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले असे धरून चाला. अशा वेळी "घरापर्यंत नेऊ" म्हणू नका. जागीच इंजिन बंद करा. रॉड तुटला, तर इंजिनाचे कवचसुद्धा फोडतो. मग बेअरिंगच्या खर्चावर भागत नाही.

आता टॅपेटविषयी. जुन्या राजदूत, येझदी टू-स्ट्रोक होत्या. त्यांना व्हॉल्व्हच नव्हते. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली आणि पुढे फोर-स्ट्रोक गाड्या गावोगाव पसरल्या. यांत टॅपेटची बारीक, एकसारखी टिकटिक ऐकू येते. फट वाढली की टिकटिक वाढते. थंड इंजिनावर, गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाने ती लावून घेतली की झाले. मात्र "अजिबात आवाज नको" असा हट्ट धरू नये. फट फार कमी झाली, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. आणि हे नुकसान मुकाट्याने होते, बरं का! खर्र खर्र असा आवाज एका बाजूने येत असेल, तर टायमिंग चेन व तिचा ताण तपासावा.

आवाज नेमका कुठून येतो? लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या कवचावर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. हवेपेक्षा घन पदार्थातून ध्वनी चांगला जातो, हा धडा शिक्षकांनी वर्गात खुशाल असा दाखवावा. फक्त उपरण्याची टोके, बाह्या सांभाळा. आणि तापलेल्या सायलेन्सरपासून दूर रहा.

आणि या सगळ्याच्या आधी ऑइल पहा. सपाट जागी, मधल्या स्टँडवर गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोडे थांबून. कमी ऑइलवर धावलेली गाडी आधी कुरकुरते, मग बसते.

मिस्त्रीकडे गेलात, की नुसते "आवाज येतो" म्हणू नका. "थंडीत येतो, क्लच दाबला तरी राहतो, चढावर वाढतो," असे सांगा. त्याचा वेळ वाचेल, आणि तुमचे इंजिन विनाकारण खोलले जाणार नाही.