शेतातला अमोनिया आणि डहाणूची हवा

20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, आणि पुढे 1996 साली सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमान्वये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या प्राधिकरणाने तेथील औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड रोखणारी यंत्रणा बसविण्याचा आग्रह धरला. परंतु हवेचे आरोग्य केवळ चिमणीवर अवलंबून नसते. डहाणू-तलासरीच्या भातखाचरांत फोकलेला युरिया आणि गोठ्यातील शेणमूत्र यांच्या विघटनातून अमोनिया वायू मुक्त होतो, आणि तोच, गंधक व नत्र यांच्या ऑक्साइडांपासून हवेत झालेल्या आम्लांशी संयोग पावून, फुफ्फुसांत खोलवर शिरणारे अतिसूक्ष्म क्षारकण निर्माण करतो. 2009 च्या राष्ट्रीय मानकांत अमोनियाचीही वार्षिक सरासरी मर्यादा दर घनमीटरास 100 मायक्रोग्रॅम ठरविण्यात आली आहे. शेतातून सुटणाऱ्या अमोनियावरील एक उपाय मात्र खातेदार शेतकऱ्याच्या हाती आहे: चारसूत्री भातलागवडीप्रमाणे चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी चिखलात 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचली, तर नत्र मुळांपाशी टिकते, खताची बचत होते आणि हवेत उडून जाणारा अमोनिया पुष्कळ घटतो.